प्रतिक्रियेला उत्तर: चार कोअर लावले, तरी वेळ जास्तच का लागला?

नमस्कार,

सविस्तर लिहिलंत, बरं वाटलं. क्वांटम एस्प्रेसो (पदार्थातल्या इलेक्ट्रॉनचं गणित करणारा प्रोग्रॅम) घरच्या डेस्कटॉपवर चार प्रोसेसवर, म्हणजे काम चौघींत वाटून, चालवलं तर एकाच प्रोसेसवर लागतो त्यापेक्षा जास्त वेळ लागला. ही कामं पुण्याच्या आयसरमधल्या परम ब्रह्मसारख्या महासंगणकांची, विद्यार्थ्यांना घरी करायला सांगणं ही दिशाभूल आहे, असं तुमचं म्हणणं. वेळेचे आकडे खरेच आहेत. निष्कर्ष मला पटत नाही.

तुम्ही दिलेलं आउटपुट नीट पाहा. 'प्रोग्रॅम पीडब्ल्यूएससीएफ' ही सुरुवातीची ओळ (पीडब्ल्यूएससीएफ हा क्वांटम एस्प्रेसोचा गणित करणारा भाग) चारदा आली आहे आणि प्रत्येकीखाली 'रनिंग ऑन १ प्रोसेसर्स' असं आहे. काम वाटलं गेलं असतं तर ती ओळ एकदाच आली असती आणि खाली ४ चा आकडा दिसला असता. म्हणजे चारही प्रोसेसनी तेच गणित पहिल्यापासून शेवटपर्यंत वेगवेगळं सोडवलं, वर एकाच आउटडिरमध्ये, म्हणजे फायली ठेवायच्या फोल्डरमध्ये, एकमेकींच्या फायली पुसत बसल्या. वेळ वाढणारच.

असं बहुतेक वेळा एमपीआयच्या, म्हणजे प्रोसेसना आपसात बोलू देणाऱ्या व्यवस्थेच्या, गोंधळाने होतं. ओपन-एमपीआय आणि एमपीआयसीएच हे तिचे दोन वेगळे प्रकार. प्रोग्रॅम उबुंटूच्या ओपन-एमपीआयवर बांधलेला आणि प्रोसेस सुरू करणारी एमपीआयरन ही आज्ञा मात्र कोंडामधल्या (सॉफ्टवेअर बसवायच्या साधनातल्या) एमपीआयसीएचची. टर्मिनलमध्ये 'व्हिच एमपीआयरन' द्या. कोंडाचा फोल्डर दिसला तर कोंडा डीॲक्टिव्हेट करून पुन्हा चालवा. ओएमपी-नम-थ्रेड्स (एका प्रोसेसने किती थ्रेड, म्हणजे कामाचे उपधागे, काढायचे ती सेटिंग) १ ठेवा, नाहीतर प्रत्येक प्रोसेस आपले वेगळे थ्रेड काढते आणि कोअरवर झुंबड उडते.

एवढं करूनही चौपट वेग मिळेलच असं नाही. सिलिकॉनच्या दोन अणूंच्या सेलमध्ये (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यात) वाटायला कामच थोडं. तिथे के-पॉइंटचे (गणित ज्या ठरावीक बिंदूंवर करतात त्यांचे) गट पाडणारा 'एनके' पर्याय वापरा, त्यात प्रोसेसना आपसात फार कमी बोलावं लागतं. मोठ्या सेलला दुसरी अडचण येते: नेहमीच्या डेस्कटॉपला मेमरीचे दोनच चॅनल असतात, त्यामुळे काही कोअरनंतर वेग वाढायचा थांबतो. मोठ्या सेलसाठी मोठं यंत्र लागतं, हे तुमचं बरोबरच आहे.

पण कटऑफ (गणित किती बारकाईने करायचं ती ऊर्जेची मर्यादा) किती पुरतो, के-पॉइंटची जाळी किती दाट हवी, हे तपासायला छोट्या छोट्या रनच लागतात आणि त्या घरी होतात. हे न तपासता परमच्या रांगेत जॉब लावला तर सार्वजनिक यंत्राचे तास वाया जातात, याचा मला मनापासून त्रास होतो. तालुक्याच्या कॉलेजातल्या एमएस्सीच्या मुलीकडे तर त्या यंत्राचं खातंही नसतं. तिने शिकायचं कुठे?

पुन्हा चालवलंत की आउटपुटच्या सुरुवातीच्या ओळी आणि शेवटची सीपीयू व वॉल टाइमची ओळ इथे टाका. के-पॉइंटचे गट किती पाडायचे ते त्यावरून ठरवू.