चंद्रोदय पलंगाखाली

आमचं घर डोंबिवलीत, ३८० चौरस फूट कार्पेट. कार्पेट म्हणजे आतली, प्रत्यक्ष वापरता येणारी जागा. आमच्याकडे आता वापरायचं सगळं भिंतीत गेलंय, हा भाग वेगळा.

गेल्या दिवाळीत बायकोने टूम काढली, घर 'फ्लेक्सिबल' करायचं. इंटिरियर डिझायनर म्हणून एक मुलगी आली. तिने लॅपटॉपवर आमचंच घर दाखवलं, पण ओळखू येईना. त्यात एक बाई एका बोटाने पलंग भिंतीत ढकलते, समोरच्या भिंतीतून टेबल उतरतं आणि त्यावर एक सफरचंद असतं. त्या घरात औषधांचा डबा नव्हता, इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग नव्हता, आई नव्हती.

आमच्या घरातली आई म्हणाली, "म्हणजे रोज आवरायचं?"

"नाही आजी, एकाच जागेचे तीन उपयोग!"

आईने चष्मा पुसला. नायगावच्या बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांच्या खोलीत आम्ही ९ जण होतो. ती खोली सकाळी स्वयंपाकघर, संध्याकाळी अभ्यासिका आणि रात्री वसतिगृह. पार्टिशन म्हणजे दोरीवरचं लुगडं. लोखंडी खाटेवर आजोबा, खाटेखाली मी आणि धाकटा भाऊ, काका बाहेर पॅसेजमध्ये. ही सगळी यंत्रणा आईच्या "उठा रे" या दोन शब्दांवर चालायची. "याचे पैसे घेतात?" एवढंच तिने विचारलं. साडेतीन लाख, हे तिला आम्ही अजून सांगितलेलं नाही.

भिंतीतला पलंग ही मर्फी नावाच्या अमेरिकन माणसाची करामत. गेल्या शतकाच्या सुरुवातीला तो सॅन फ्रान्सिस्कोत एका खोलीत राहायचा. मैत्रिणीला घरी बोलवायचं तर समोर पलंग दिसणं बरं नव्हे, म्हणून त्याने तो उभा करून लपवला, असं सांगतात. त्याच्याकडे कारण तरी होतं. आमच्याकडे येते ती नाशिकची आत्या, आणि तिला आल्या आल्या आडवं व्हायचं असतं.

या पलंगाला दोन बाजूंना गॅसचे पिस्टन असतात. त्यांचा जोर पलंग आणि गादी यांच्या वजनावर बेतलेला. डिझायनरने हिशेब धरला होता ६ इंची फोमचा. आईने माझ्या कंबरेची काळजी म्हणून त्यावर घातली कापसाची जुनी गादी. तेव्हापासून पलंग उचलायला मी, मुलगा आणि अधूनमधून वॉचमन लागतो. उतरताना मात्र तो आपणहून येतो. पहिल्या रात्री आला, तेव्हा खालच्या मजल्यावरचे काका बनियनवर धावत वर आले होते.

शिवाय पलंग आणि टेबल यांची उतरायची जागा एकच. म्हणजे घरातल्या शेवटच्या माणसाचं जेवण होईपर्यंत पहिल्याने झोपायचं नाही. (बेडरूममधल्या सरकत्या पार्टिशनबद्दल बोलतच नाही. बारावीतल्या मुलाने ते एकदा सरकवलं आणि पलीकडून कडी लावून घेतली.)

मिटलेल्या पलंगाचं पोट म्हणजे दिवसाची भिंत. एवढी कोरी भिंत बघून आईने दुसऱ्याच दिवशी त्यावर चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून कालनिर्णय चिकटवलं.

आणि परवा संकष्टी आली.

बायकोला पहाटेची लोकल, म्हणून नऊलाच पलंग उतरला आणि ती झोपली. साडेनऊला आई दिवसभराच्या उपासाने कातावलेली, ओट्यावर मोदक झाकलेले.

"चंद्रोदय किती वाजता रे?"

मी मोबाईल काढला.

"त्यात कुठल्या गावचा चंद्र दाखवतील, भरवसा नाही. कालनिर्णय बघ."

समोर टॉवर उभा राहिल्यापासून खिडकीतून चंद्र दिसायची सोय नाही. कालनिर्णय पलंगाच्या पोटाला, जमिनीपासून हातभर वर, पालथं. पलंग उचलावा तर बायको भिंतीत जाणार. मोबाईलचा टॉर्च लावला, पाठीवर झोपलो आणि सरपटत आत शिरलो. नाकासमोर अख्खा महिना पसरला होता. चष्मा बाहेर राहिलेला, तो आईने पायाने आत सरकवला.

"नऊ सत्तेचाळीस!" मी आतून म्हणालो.

"हळू बोल, ती उठेल. अजून पंधरा मिनिटं आहेत."

फरशी गार होती. पाय लांब केले, ते कशालाच आपटले नाहीत. साडेतीन लाखांत घरात एवढी एकच जागा अशी उरली होती, जिचा दुसरा काही उपयोग कुणाला सुचलेला नव्हता. वर बायकोने कूस बदलली, पलंग बारीकसा करकरला. मी टॉर्च बंद केला.

थोड्या वेळाने आई गुडघ्यावर हात टेकून वाकली. चाळीत खाटेखाली डोकवायची, अगदी तशीच.

"उशी देऊ?"