माणूस पडल्यावर काय?

सुरुवात दाद्याने केली. "अमेरिकन फुटबॉलवाले चिलखत घालून खेळतात, ते कसले रे गडी? रग्बीवाले बघ, उघड्या डोक्याने भिडतात."

वकील (वकील नाहीये तो, फक्त हार मानत नाही) टपलेलाच होता. "हेल्मेट आहे म्हणूनच तर डोकं घालायची हिंमत होते. रग्बीत खांद्याच्या वर टॅकल केलास तर प्रकरण रेड कार्डापर्यंत जातं. आणि ज्याच्याकडे बॉलच नाही त्याला अडवलंस तर फाऊल. अमेरिकन फुटबॉलमध्ये तेच अडवणं कित्येकांचं अख्खं काम असतं."

"म्हणजे रग्बी लेचीपेची?"

"मी म्हणालो का तसं?"

हे असंच चाललं असतं. पण बारक्याने मध्येच विचारलं, "दोन्हीत बॉल लांबट, दोन्हीत धडकाधडकी. मग गाडी वेगळी झाली कुठे?"

माझं मत विचाराल तर सगळं एकाच गोष्टीपाशी येतं: बॉलवाला पडल्यावर काय होतं? रग्बी युनियनमध्ये त्याने बॉल लगेच सोडायचा. त्याच्यावर दोन्हीकडचे येऊन रेटारेटी करतात, त्याला रक म्हणतात, आणि खेळ चालूच राहतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये पडला की शिट्टी. उठा, पुढची चाल ठरवा, परत रांगेत उभे राहा. ही रांग आणली येल विद्यापीठाच्या वॉल्टर कॅम्पने, 1880 मध्ये, स्क्रमच्या जागी (स्क्रम म्हणजे रग्बीत दोन्ही संघांनी एकमेकांना भिडून बॉलसाठी रेटणं). लगेच पुढच्याच वर्षी येल आणि प्रिन्स्टन यांनी एकेक हाफ बॉल नुसता दाबून ठेवला आणि मॅच 0-0 सुटली. लोक वैतागले. म्हणून 1882 मध्ये नियम आला, तीन डाउनमध्ये (म्हणजे तीन चालींत) पाच यार्ड जा, नाहीतर बॉल द्या. आज चार डाउन, दहा यार्ड.

आता खेळ थांबतो म्हटल्यावर माणसं बदलता येतात, हवी तितकी वेळा. मग काही सेकंद रेटायचं आणि दम खायचा, अशा कामाला दीडशे किलोचा माणूसही चालतो. रग्बीत पंधरा जण, ऐंशी मिनिटं, बदली खेळाडू फार तर आठ. तिथे वजनाबरोबर फुप्फुसंही लागतात.

"पुरावा?" दाद्या.

पुरावा वकिलाच्या खिशात होता. जॉर्डन मायलाटा, ऑस्ट्रेलियात रग्बी लीग खेळणारा (तेरा जणांची, युनियनची चुलत बहीण). अमेरिकन फुटबॉलची एकही मॅच न खेळता 2018 मध्ये फिलाडेल्फिया ईगल्स या संघाने घेतला, 2025 मध्ये सुपर बोल, म्हणजे त्या खेळाची फायनल, जिंकला. उलट वेल्सचा वेगवान विंग (रग्बीत कडेने पळणारा) लुई रीस-झॅमिट 2024 मध्ये तिकडे गेला आणि पुढच्याच वर्षी रग्बीत परतला. अवाढव्य टिकला, चपळ परतला. दोन माणसांवरून सिद्धांत मांडू नये हे कबूल, पण कट्ट्यावर चालतं.

दाद्या परत हेल्मेटवर आला, पण तिथे त्याचंच पारडं हललं. 2003 चा वर्ल्ड कप जिंकणाऱ्या इंग्लंडच्या संघातला स्टीव्ह थॉम्पसन. चाळिशीतच डिमेन्शिया. ती फायनल खेळल्याचं त्याला आठवत नाही. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये 1943 पासून हेल्मेट सक्तीचं आहे, तरी तिथल्या माजी खेळाडूंच्या मेंदूंची कथाही हीच. यावर कोणी काही बोललं नाही.

शांतता मोडली ती बारक्यानेच. "टचडाउनला बॉल जमिनीला टेकवतात ना?"

"नाही. रेषा ओलांडली की सहा पॉइंट. टेकवावा लागतो तो रग्बीत, पाच पॉइंट, आणि त्याला म्हणतात ट्राय."

"टेकवतात तिथे नाव नाही, नाव आहे तिथे टेकवत नाहीत?"

"पूर्वी रग्बीत टेकवण्याला पॉइंटच नव्हते. नुसता गोलवर किक मारून बघायचा हक्क मिळायचा. म्हणून ट्राय."

दाद्या उठला. "काही असो, अमेरिकेला रग्बी झेपणारच नाही."

वकिलाने शांतपणे शेवटचं पान टाकलं. "1920 आणि 1924, रग्बीचं ऑलिंपिक सुवर्ण कोणाचं?"

"कोणाचं?"

"अमेरिकेचं. दोन्ही वेळा."

दाद्या परत बसला.