फायटर शांत, घर जागं

मालवणात आम्ही समुद्राच्या गाजेवर झोपणारी माणसं. जूनमधला वारा, पत्र्यावर आदळणारी झावळी, परसातल्या बेडकांची रात्रपाळी, यातल्या कशानेही आमच्या घरात कुणी कूस बदलत नाही. अशा घराची झोप उडवली ती मुठीत मावणाऱ्या एका एअर पंपाने.

मुलाला फायटर मासा हवा होता. दुकानदाराने मासा स्वस्तात दिला आणि बाकीच्या सामानात वसूल केलं: २० लिटरची टाकी, एअर पंप, शिवाय 'असूं दे, उपयोगी पडात' म्हणत तासाला ३०० लिटर पाणी फिरवणारा फिल्टर. आईने टाकीत डोकावून पाहिलं. "हो मासो खावचो नाय, मगे हाडलंस कित्याक?" याला उत्तर नव्हतं. आमच्याकडे मासा सकाळी येतो आणि दुपारच्या जेवणापर्यंत त्याचा निकाल लागतो. त्याच्या राहण्याची सोय करायची वेळ घराण्यात कुणावर आलेली नव्हती.

टाकी हॉलमधल्या शोकेसवर बसवली, शेजारी पंप. बटण दाबलं आणि आतल्या कपबश्या किणकिणायला लागल्या. पंपात विद्युतचुंबकाने हलणारी एक दांडी असते, तिला रबरी पडदा जोडलेला. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून दांडी सेकंदाला ५० वेळा थरथरते. पंपाचा स्वतःचा आवाज तसा बेताचाच. ओरडतं ते खालचं प्लायवूड. तंबोऱ्यासाठी भोपळा जे काम करतो, ते आमच्या शोकेसने बिनपगारी अंगावर घेतलं.

इलाज सांगायला माणसं कमी पडली नाहीत. बाबांनी पंपाखाली पंच्याची घडी सारली. थरथरत थरथरत पंप घडीवरून उतरला आणि पहाटे भिंतीला टेकून दुप्पट गुरगुरायला लागला. शेजारचे काका म्हणाले, "नळी चिमटून धर, हवा कमी येतली." हवा कमी येते खरी, पण कोंडलेल्या हवेचा सगळा ताण त्या रबरी पडद्यावर. त्यापेक्षा नळीला टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, लावून जादा हवा बाहेर सोडून द्यावी. शेवटी मी पंप सुतळीने खिळ्याला टांगला, टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर. लाकडाशी संबंध तुटला, कपबश्या गप्प झाल्या. उंचीचा दुसरा फायदा असा की वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटं पंपात उतरत नाही. आणि पावसाळ्यात वीज जाणं ही आमच्याकडे बातमीच नव्हे. आता येणारा प्रत्येक पाहुणा त्या टांगलेल्या डबीकडे बघून विचारतो, "दिष्ट कोणाची लागली?"

मग तो ३०० लिटरवाला फिल्टर लावून बघितला. छोट्या टाकीला तासाला चार-पाच पट पाणी फिरलं तरी पुष्कळ. इथे पंधरा पट फिरत होतं. फायटर लांब पंख सावरत एका काचेवरून दुसऱ्या काचेवर जाऊन आपटायला लागला. मूळचा तो थायलंडकडच्या भातखाचरांतल्या संथ पाण्यातला, त्याला एवढी ओढ कशी झेपणार? फिल्टर माळ्यावर गेला, तिथे आमच्या घरातल्या सगळ्याच उपयोगी वस्तू राहतात.

त्याहून गंमत म्हणजे फायटर पाण्यावर तोंड काढून थेट हवाच घेतो. हे कळताच बायको म्हणाली, "मगे रातचो पंप बंद करूचो मां!" इतकं सोपं असतं तर! त्याच पंपाच्या हवेवर टाकीतला स्पंज फिल्टर चालतो. स्पंजात जिवाणूंची वस्ती असते, ती माशाच्या घाणीतला अमोनिया पचवते, आणि तिला वाहतं, प्राणवायू असलेलं पाणी लागतं. हे सगळं रात्री साडेअकराला बायकोला समजावून सांगितलं. ती ऐकता ऐकता झोपली, त्यामुळे एका माणसापुरता प्रश्न तरी सुटला.

राहिली ती गुळगुळ. ती पंपाची नव्हतीच. पाणी आटून पातळी उतरली की स्पंजच्या नळीचं तोंड उघडं पडतं आणि बुडबुडे फटाफट फुटतात. विहिरीचं तांब्याभर पाणी ओतलं, नळीचं तोंड बुडालं, हवा थोडी कमी केली, आणि घर एकदाचं गप्प झालं.

मुलाला आता गोल्डफिश हवाय. त्याला म्हणे टाकी मोठी लागते, घाणही पुष्कळ करतो, म्हणजे फिल्टरही दणकट पाहिजे. दुकानदाराने पंप आधीच बाजूला काढून ठेवलाय.