काका, तुम्ही गळलात

परवा संध्याकाळी एका मुलीचा फोन आला आणि तिने मला कळवलं, की मी गळलो.

"काका, प्रवासाच्या सर्व्हेतून बोलतेय. तुमचा डेटा आम्हाला वापरता येणार नाही."

सहा आठवडे! सहा आठवडे मी रोज रात्री डोळे ताणून त्यांच्या ॲपमध्ये डायरी भरली होती. किती वाजता निघालात, कशाने गेलात, सोबत कोण, कशासाठी. 'कशासाठी'खाली काम, खरेदी, करमणूक आणि इतर. मेहुण्याकडे गेलो त्या रात्री मी दहा मिनिटं त्या यादीपुढे बसून होतो. 'करमणूक'वर बोट जाईना, शेवटी 'इतर'. एवढा प्रामाणिकपणा मी आयुष्यात कुठल्याच फॉर्मला दाखवलेला नाही.

"का? भरताना काही चुकलं का?"

"नाही नाही, एकदम क्लीन आहे. पण तुम्ही रोज आठ चाळीसच्या बसनेच जाता."

"मग?"

"रोजच."

"अहो, ऑफिस रोज असतं!"

"पण व्हेरिएशन शून्य आहे ना, काका. जो माणूस पर्याय बदलतच नाही, तो या मॉडेलमधून आपोआप गळतो."

तिने समजावून सांगितलं, आणि दुर्दैवाने मला ते पटलं. या पद्धतीत माणसाची तुलना त्याच्याशीच करतात. बसने गेलेला मी आणि रिक्षाने गेलेला मी शेजारी उभे करायचे आणि बघायचं, त्या दिवशी काय वेगळं होतं: वेळ, पैसे, पाऊस? त्याला दोन मी लागतात. माझ्याकडे एकच निघाला.

मग मला आठवलं. "थांबा! तिसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी मी चालत गेलो होतो!"

कीबोर्डची टकटक. "हो, आहे. चोपन्न मिनिटं चालणं. ते काढून टाकलंय."

"काढून टाकलं म्हणजे?"

"क्लीनिंगमध्ये. बाकी सगळे दिवस बस आणि मध्येच चालणं, म्हणजे एंट्री चुकली असणार. तिथे बस टाकली."

त्या बुधवारी बूट नवे होते. फूटपाथ एका डीपीच्या पेटाऱ्यापाशी संपतो, तिथून पुढे गटाराच्या फरश्यांवरून तोल सावरत जावं लागतं. ऑफिसात पोचलो तेव्हा डाव्या टाचेचा मोजा रक्ताने चिकटला होता. आणि चालत का गेलो? बस आलीच नाही म्हणून! थांब्यावरची सगळी माणसं त्या दिवशी ताटकळली. एकट्या मलाच, मागाहून, कॉम्प्युटरवर, बस मिळाली.

"मग ही सहा आठवडे एकच बस, हे तुम्ही कशात धरता?"

"सवयीत."

इथे मात्र माझं टाळकं सरकलं. "सवय? आमच्याकडे दुसरं काही येतच नाही!"

"तुम्हाला चार पर्याय दिसतायत, काका. बस, कार, सायकल, चालणं."

"कार मुलगा घेऊन जातो."

"घरात नोंद आहे ना, म्हणजे उपलब्ध."

"आणि सायकल?"

"अंतर पाच किलोमीटरच्या आत आहे, म्हणून उपलब्ध."

"माझ्याकडे सायकल नाहीये!"

"असण्याचा प्रश्न नाही, काका. ती उपलब्ध आहे."

"आणि बस आली नाही, हे कुठे लिहायचं?"

"ते एप्सिलॉनमध्ये जातं."

एप्सिलॉन म्हणजे जे मॉडेलला दिसत नाही ते सगळं ज्या एका अक्षरात कोंबतात ते. माझी टाच त्यातच कुठेतरी असणार.

रागाच्या भरात रात्री वाचत बसलो. स्वीडनमधल्या उप्साला गावात १९७१ साली लोकांकडून पाच आठवडे डायऱ्या भरून घेतल्या होत्या. कार्ल्सरूह आणि हाले या जर्मन शहरांत १९९९ मध्ये सहा आठवडे. कारण एकाच दिवसाची विचारपूस केली, तर तो माणूस रोज तेच करतो की आजच केलं, हे कळायला मार्ग नाही. लंडनच्या भुयारी रेल्वेत फेब्रुवारी २०१४ मध्ये दोन दिवस संप झाला, पुष्कळ स्टेशनं बंद राहिली आणि लोकांना झक मारत दुसऱ्या वाटा शोधाव्या लागल्या. संप मिटल्यावर शंभरातले साधारण पाच जण त्या नव्या वाटेवरच राहिले, म्हणजे इतकी वर्षं ते गैरसोयीच्या रस्त्याने जात होते. उरलेले पंचाण्णव माझे सख्खे. पण त्यांना निदान दुसरी वाट तरी होती.

कालची निवड आजची निवड ओढून आणते, की माणूस मुळातच तसला असतो, हे वेगळं काढणं किती अवघड, ते जेम्स हेकमन या अर्थशास्त्रज्ञाने १९८१ मध्येच मांडलं होतं. आता यात तिसरा प्रकारही धरा की! ज्याच्यापुढे एकच ताट आलं, तो तेच जेवला म्हणून त्याला आवड कसली आणि सवय कसली? पण हा खुलासा कोणाला हवाय? सवय म्हटलं की खापर माझ्या डोक्यावर फुटतं. नाइलाज म्हटलं तर कोणालातरी दुसरी बस सोडावी लागेल.

फोन ठेवताना ती म्हणाली, "पुढच्या फेरीत परत भाग घ्या हं, काका. फक्त जरा बदलून बघा."

डेटा गळला, ॲप मात्र गळलेलं नाही. आज सकाळी आठ बावन्नला थांब्यावर उभा होतो, बसचा पत्ता नव्हता, आणि खिशात फोन थरथरला: 'तुम्ही आत्ता बसमध्ये आहात. बरोबर?'

खाली दोन बटणं होती. एक 'हो', दुसरं 'नंतर विचारा'.