सवय सामानातून येत नाही

जानेवारी उजाडला की आमच्या शाळेच्या ग्रुपवर दरवर्षी तोच वाद पेटतो. एक बाजू म्हणते, पहाटे पाचला उठा, २१ दिवस नेटाने करा, सवय लागलीच समजा. जमत नसेल तर तुमच्यात शिस्त नाही. दुसरी बाजू विचारते, नोकरी, मुलं, म्हातारे आईवडील सांभाळून वेळ उरतो कुठे? मग कोणीतरी मला लिहितं, "तुझं बरं आहे तिकडे. मोकळे फुटपाथ, स्वच्छ हवा."

फुटपाथचं खरं आहे. चालायला जागा असणं ही मोठी सोय आहे, आणि जिथे ती नाही तिथल्या माणसाला आळशी ठरवणं मला अन्यायाचं वाटतं. पण परदेशी येण्याआधी सहा वर्षं मी रोज सकाळी पाऊण तास चालत होते, आणि इथे, या मोकळ्या फुटपाथांच्या गावात, दोन आठवड्यांत ते बंद पडलं. मी तीच होते, निश्चयही तोच होता. खालून हाक मारणारी शेजारीण मात्र नव्हती. हिवाळ्यात साडेआठपर्यंत उजाडत नव्हतं. बूट दाराशी न राहता कपाटात, जाड कोटांच्या मागे गेले होते. कितीतरी महिने मी स्वतःलाच बोल लावला.

वेंडी वुड या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये कॉलेज बदलणाऱ्या विद्यार्थ्यांवर अभ्यास प्रसिद्ध केला. व्यायाम, वर्तमानपत्र वाचणं, टीव्ही बघणं या त्यांच्या जुन्या सवयी नव्या ठिकाणी टिकल्या का, हे त्यांनी पाहिलं. आजूबाजूची परिस्थिती सारखी राहिली तिथे सवय टिकली. ती बदलली तिथे सुटली. हे वाचलं त्या दिवशी मला फार हलकं वाटलं होतं. सवय आपल्यात जितकी असते, तितकीच ती जागेत आणि माणसांतही असते.

त्या २१ दिवसांबद्दलही बोलायला हवं, कारण त्यापायी किती जण बाविसाव्या दिवशी हार मानतात! मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये लिहिलं होतं, की रुग्णांना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान २१ दिवस तरी लागतात. त्यातलं 'निदान' पुढे गळून पडलं. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांना रोजची एकेक नवी गोष्ट १२ आठवडे करायला लावली, तेव्हा ती अंगवळणी पडायचा मधला आकडा ६६ दिवस निघाला. त्या नोंदींवरून पुढचा अंदाज बांधला, तर कोणाला १८ दिवस, कोणाला २५४. आणि मधे एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नव्हतं. माझ्या मते शाळेपासून मुलांना सांगावी अशी ही गोष्ट आहे.

माझी गाडी रुळावर आली ती आईमुळे. तिला मी रोज फोन करते, तो कधीच चुकत नाही. एका शनिवारी फोन चालू असतानाच कोट चढवून बाहेर पडले आणि ती बोलत होती तोवर चालत राहिले. तेव्हापासून फोन आणि चालणं एकत्र. बूट कपाटातून दाराशी आले. इथे वर्षातून दोनदा घड्याळ तासाने सरकतं, म्हणून सात वाजताचा नेम धरला असता तर तो दोनदा मोडला असता. आईची वेळ मात्र तिच्या घड्याळाने चालते, माझं चालणं तिच्यामागून जातं. रोज पंचवीस मिनिटं धरली तरी आठवड्याची १७५ होतात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना १५० ते ३०० मिनिटं सांगते, आणि २०२० पासून सलग दहा मिनिटं तरी हवीत ही अटही तिने काढून टाकली आहे.

यंदा वाद सुरू झाला तेव्हा वेळच नाही म्हणणाऱ्या मैत्रिणीला मी एवढंच विचारलं, "तू रोज न चुकता काय करतेस?" ती म्हणाली, मुलीला पोहायला सोडते आणि ती येईपर्यंत गाडीत फोन बघत बसते.

परवा तिने फोटो पाठवला. चालायचे बूट आता गाडीच्या मागच्या सीटखाली असतात.