‘ज्यानं पडत्या काळात काम दिलं त्यालाच नोटीस?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

कोऑर्डिनेटर, म्हणजे आपल्याला कामं आणून देणारा आणि त्यावर कमिशन घेणारा माणूस, बदलताना नटांनी काय करावं, यावर मी मागच्या आठवड्यात लिहिलं होतं. महिनाभर आधी लेखी नोटीस द्या आणि त्यानं आणलेल्या कामाचं कमिशन सोडल्यावरही देत राहा, असं त्यात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत : ‘ज्यानं पडत्या काळात काम दिलं त्यालाच नोटीस? आपल्याकडे सगळं शब्दावर चालतं. नको असेल तर फोन घेणं कमी करावं, समोरचा समजून जातो. आणि एकदा सोडल्यावर कमिशन कसलं? ही सगळी हिंदीवाल्यांची फॅडं.’

तुमचं म्हणणं मला लागलं, कारण ‘फोन घेणं कमी करावं’ हेच मी एकदा केलं होतं. माझे पहिले कोऑर्डिनेटर वर्तकनगरला एका खोलीत बसायचे. मी प्रायोगिक नाटकं करत होते आणि लेकीची फी भरायची पंचाईत होती, तेव्हा पहिली जाहिरात त्यांनीच आणून दिली. पुढे मालिकेत काम मिळालं, दुसऱ्या एकानं ‘मी तुझं काम बघतो’ म्हटलं आणि मी यांचे फोन टाळायला लागले. तोंडावर सांगायचा धीर होत नव्हता. ते समजून जातील, असंच मलाही वाटलं होतं.

ते समजले नाहीत, कारण त्यांच्या लेखी मी त्यांचीच आर्टिस्ट होते. एका जाहिरातीसाठी त्यांनी माझ्या दोन तारखा देऊन टाकल्या. मी फोन घेत नव्हते, तरी काम हातचं जाऊ नये म्हणून त्यांनी विश्वासानं ‘हो’ सांगितलं. घोडबंदर रोडवरचं शूट संपवून मी रात्री दहाला माजिवड्याच्या स्टॉपवर उभी होते, तोंडावर अर्धा मेकअप तसाच. त्या जाहिरातवाल्यांचा फोन आला, ‘ताई, उद्या सकाळी सातचा कॉल टाइम, लोकेशन पाठवलंय.’ दुसऱ्या दिवशी मालिकेचं शूट होतं. मी नाही म्हणाले. पलीकडचा मुलगा काही क्षण बोललाच नाही. त्या लोकांनी मला पुढे दोन वर्षं विचारलं नाही ते सोडा, पण माझ्या कोऑर्डिनेटरांचा शब्द खाली पडला. मी घाबरत त्यांना फोन केला तर ते रागावले नाहीत. ‘एकदा सांगायचं तरी होतंस गं,’ एवढंच म्हणाले.

कायद्यातही हेच आहे, हे मला फार उशिरा कळलं. भारतीय करार कायदा १८७२चा. त्याच्या कलम २०८नुसार एजंटचा, म्हणजे आपल्याकडे कोऑर्डिनेटरचा, अधिकार काढून घेतल्याचं जोवर त्याला कळत नाही, तोवर त्याच्यापुरता तो संपत नाही. आणि बाहेरच्या लोकांना जोवर कळत नाही, तोवर त्यांच्यापुरताही संपत नाही. म्हणजे गप्प राहिलं तर तो आपल्या नावानं शब्द देत राहतो आणि तो शब्द आपल्यावर येतो. कलम २०६ पुरेशी आगाऊ सूचना द्यायला सांगतं. ती न दिल्यानं समोरच्याचं नुकसान झालं तर ते भरून द्यावं लागतं. म्हणूनच ज्या कास्टिंगवाल्यांकडे आपली प्रोफाइल त्याच्या नंबरासह गेलेली असते, त्यांनाही कळवायचं, पण त्याला सांगून झाल्यावर.

‘सोडल्यावर कमिशन कसलं’ हा प्रश्न तुम्हाला का पडला, ते मला समजतं. तुमची हयात नाटकात गेली. गडकरी रंगायतनला प्रयोग झाला की नाइटचं, म्हणजे त्या प्रयोगाच्या मानधनाचं, पाकीट हातात पडतं, हिशेब त्याच रात्री मिटतो. कॅमेऱ्यासमोरच्या कामाचं तसं नाही. मालिकेचे पैसे नव्वद नव्वद दिवसांनी येतात. आज दिलेल्या ऑडिशनचा फोन दोन महिन्यांनीही येतो. जाहिरात वर्षभरासाठी दिलेली असते आणि वर्ष सरल्यावर ती पुढे चालू ठेवली तर रिन्युअलचे पैसे निघतात. माणूस सोडला त्या दिवशी त्याची निम्मी मेहनत अशी वाटेत असते. ती बुडवणं मला जमणार नाही, आणि तुम्हालाही जमणार नाही असं मला वाटतं.

म्हणून दुसऱ्या कोऑर्डिनेटरला सोडताना मी फुलस्केप कागद घेऊन नौपाड्यातल्या एका हॉटेलात त्याच्यासमोर बसले. झालेली पण पैसे न आलेली कामं लिहिली, मग त्यानं पाठवलेल्या अकरा ऑडिशन तारखांसकट. तीन महिन्यांत यातलं काही लागलं तर पंधरा टक्के त्याचे, नंतर नाहीत, असं ठरलं. रिन्युअलवर मात्र आम्ही तासभर घासाघीस केली. शेवटी पहिल्या रिन्युअलपुरतं त्याचं कमिशन मान्य केलं. काही पैसे त्याच्या कंपनीच्या खात्यातून यायचे होते, त्यांचा टीडीएस कोणाच्या पॅनवर कापला जातोय तेही तिथेच तपासलं. अकरांतली एक ऑडिशन खरंच लागली आणि त्याचे पैसे मी पोचते केले.

एक मात्र नव्या मुलांसाठी लिहिते, कारण ती घाबरून सह्या करतात. सोडून गेल्यावरही तू आमचाच, असं कोणी कागदावर लिहून घेतलं म्हणून ते बंधन चालत नाही. आपल्या श्रीरामपूरच्या क्रिकेटपटू झहीर खानचं प्रकरण बघा. त्याच्या एजन्सीचं म्हणणं होतं की, करार संपल्यावरही दुसऱ्याकडे जाण्याआधी ती ऑफर आमच्यापुढे ठेवायची. २००६ साली सुप्रीम कोर्टानं ते मान्य केलं नाही. कोणाला आपला व्यवसाय करण्यापासून अडवणारा करार रद्द ठरवणारं कलम २७ आड आलं. पण मुदतीचा करार मध्येच सबळ कारणाशिवाय मोडला तर भरपाई द्यावी लागू शकते, तेव्हा कागद वकिलाला दाखवूनच पाऊल उचला.

आता तुमचं जे बरोबर आहे ते. ‘नोटीस’ हा शब्द मी वापरायला नको होता. आपल्याकडे नोटीस म्हटलं की वकील आणि भांडणच डोळ्यासमोर येतं. आधी भेटायचं, मग लिहायचं, हा क्रम मी नीट सांगितला नव्हता. नौपाड्यातून घरी येऊन मी त्याला पाठवलेला मेसेज असा होता : ‘दादा, आज बोलल्याप्रमाणे ३० तारखेपासून माझं काम मी स्वतः बघेन. कागदावरच्या यादीतल्या कामांचं कमिशन ठरल्याप्रमाणे देईन. यादीचा फोटो सोबत आहे. तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते माझ्या लक्षात आहे.’ त्यानं दहा मिनिटांत ‘ठीक आहे’ लिहिलं. तो मेसेज आणि ती यादी माझ्याकडे अजून आहे.

मूळ लेखातला ‘नोटीस’ शब्द आज बदलला आहे. कमिशनचा परिच्छेद आहे तसाच ठेवला आहे.