‘लाइफ ऑफ पाय’मधला वाघ म्हणे खरा होता!

परवा फॅमिली ग्रुपवर एक लांबलचक फॉरवर्ड आला. थोडक्यात म्हणणं असं, की पूर्वी पुस्तकांवरून सिनेमे काढायचे तेव्हा खरे प्राणी घ्यायचे, त्यांना पोटच्या पोरासारखं सांभाळायचे, म्हणून ते सिनेमे काळजाला भिडायचे. आता सगळे कॉम्प्युटरचे प्राणी, बटण दाबलं की तयार, डोळ्यांत जीव नाही. असल्या सिनेमांवर बहिष्कार टाका आणि प्राणीप्रेमी असाल तर दहा जणांना पाठवा. पाठवला कोणी, तर आमच्या काकूने. जी रोज रात्री सोसायटीच्या गेटपाशी कुत्र्यांना दूधभात घालते, त्यावरून सेक्रेटरीशी कडाकडा भांडते, ती काकू! दुसऱ्या कुणी पाठवला असता तर सोडून दिलं असतं.

तर आधी तो वाघ. फॉरवर्डमध्ये मोठ्या थाटात लिहिलंय, ‘लाइफ ऑफ पाय’मधला वाघ बघा, खरा होता म्हणून डोळ्यांत पाणी आलं. अहो, तो वाघ बहुतांश कॉम्प्युटरचाच आहे! २०१२चा सिनेमा, यान मार्टेलच्या कादंबरीवरचा, आँग लीचा. रिचर्ड पार्कर नावाचा तो वाघ ‘रिदम अँड ह्यूज’ कंपनीने बनवला, खरे वाघ मोजक्या शॉट्सपुरते आणि बाकी अभ्यासासाठी, म्हणजे अंग कसं हलतं, केस भिजले की कसे दिसतात हे बघायला. म्हणजे ज्याला बघून रडलात तो कॉम्प्युटरचाच होता, आणि आता म्हणायचं की कॉम्प्युटरच्या प्राण्याने रडू येत नाही.

बरं, जे खरे वाघ होते त्यांच्याकडे येऊ. त्यातल्या एकाचं नाव किंग. २०१३च्या नोव्हेंबरमध्ये ‘हॉलिवूड रिपोर्टर’ या सिनेमाच्या मासिकाने मोठा शोधलेख छापला, प्रत्येकाने वाचावा असा. सेटवर प्राण्यांवर लक्ष ठेवायला ‘अमेरिकन ह्युमेन’ या संस्थेची जी बाई होती, तिने सहकाऱ्याला पाठवलेला ईमेलच त्यांनी छापला. पाण्याच्या टाकीतला एक टेक पार फसला, किंगला पोहत कडेला येता येईना, तो जवळजवळ बुडालाच होता, शेवटी दोरी टाकून ओढत कडेला आणला, असा एकूण प्रकार. आणि पुढे त्याच ईमेलमध्ये, हे कुणाला सांगू नकोस, ऑफिसला तर मुळीच नको. एवढं होऊन सिनेमाच्या शेवटी ‘कोणत्याही प्राण्याला इजा झाली नाही’ ही पाटी आहेच! संस्थेचं म्हणणं, वाघाला इजा झालीच नाही. नसेल झाली. पण बुडता बुडता वाचला याला पोटच्या पोरासारखं सांभाळणं म्हणतात का, ते काकूनेच सांगावं. तिच्या मोत्याला कोणी टँकमध्ये टाकलं असतं तर तिने काय केलं असतं ते आम्हाला माहितीये.

त्याच लेखात ‘हॉबिट’ या सिनेमाचंही आहे. शूटिंगसाठी आणलेली शेळ्या-मेंढ्यांसकट २७ जनावरं ज्या फार्मवर ठेवली होती तिथे मेली, कुठे खड्ड्यात पडून, कुठे पाण्यात बुडून. मग पाटीत शब्दांची कसरत, की महत्त्वाच्या दृश्यांवर आमचं लक्ष होतं आणि त्या दृश्यांत कोणाला इजा झाली नाही. कॅमेरा बंद असताना मेलं तर मोजायचं नाही!

आणि हे अलीकडचं. ‘पूर्वी’ म्हणजे १९३६ म्हणायचं असेल तर तेव्हा ‘चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड’मध्ये धावत्या घोड्यांच्या पायांत तारा अडकवून त्यांना पाडायचे, कितीतरी घोडे त्यात गेले. १९३९च्या ‘जेसी जेम्स’साठी घोडा कड्यावरून खाली पाण्यात ढकलला, मेला. त्यावरून ओरड झाली म्हणून तर सेटवर देखरेख सुरू झाली. हा तो सोन्याचा काळ.

बटण दाबण्याबद्दल फार लिहीत नाही, कारण संताप येतो. ज्या रिदम अँड ह्यूजच्या लोकांनी एकेक केस बसवून तो वाघ उभा केला (त्यांची ऑफिसं मुंबई-हैदराबादलाही होती, म्हणजे आपलीच पोरं) त्या कंपनीने २०१३च्या फेब्रुवारीत दिवाळखोरी जाहीर केली आणि त्याच महिन्यात वाघाला ऑस्कर मिळालं. स्टेजवर इफेक्ट्सचा सुपरवायझर कंपनीच्या हालांबद्दल बोलायला लागला तर ‘जॉज’ या शार्कच्या सिनेमाची धून वाजवून त्याला गप्प केला. बाहेर शेकडो आर्टिस्ट निषेधाला उभे होते. फॉरवर्ड करणं बटण दाबून होतं, वाघ नाही होत.

आता डोळ्यांत जीव नाही, हे मात्र थोडं मान्य करावं लागतं, काय करणार. २०१९चा ‘लायन किंग’ मी बघितलाय, बाप मरतो तरी पिल्लाचं तोंड जसंच्या तसं. खऱ्या सिंहासारखं दाखवायच्या नादात भावच गेले. २०२०च्या ‘कॉल ऑफ द वाइल्ड’मधल्या बक कुत्र्याचं उलटं, तो इतक्या भुवया उडवतो की कुत्रा कमी आणि कार्टून जास्त वाटतो. सेटवर कुत्र्याच्या जागी टेरी नोटरी हा माणूस चार पायांवर वावरत होता आणि हॅरिसन फोर्ड त्याच्याशी कुत्रा समजून लाड करत होता, हे वाचल्यापासून मला तो सिनेमा गंभीरपणे बघताच येत नाही. पण तो ज्यावरून काढला त्या जॅक लंडनच्या पुस्तकात काय आहे? लाल स्वेटरवाला माणूस बकला सोट्याने बदडून बदडून अर्धमेला करतो, पुढे कुत्र्यांच्या जीवघेण्या मारामाऱ्या. हे खऱ्या कुत्र्याकडून करून घ्यायचं म्हणजे एकतर छळ नाहीतर गाळून टाका. चेहरा फसला तर तो कारागिरीचा दोष, त्यासाठी खरा कुत्रा कुठे आणायचा सोट्यासमोर?

‘जंगल बुक’ (२०१६) आपल्या पेंचच्या जंगलात शूट झाला म्हणून त्यात जिवंतपणा, असंही एक वाक्य आहे. शेवटच्या श्रेयनामावलीत स्वच्छ लिहिलंय, लॉस एंजेलिसमध्ये चित्रित. मोगली झालेला पोरगा तेवढा खरा, बाकी जंगलसुद्धा कॉम्प्युटरचं. आणि भारतात कायद्याने सिनेमातले सगळेच प्राणी बंद केले, हे फॉरवर्डमधलं म्हणणंही अर्धवट. वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल, माकड यांना खेळ करायला शिकवायची बंदी आहे, कुत्रा-घोडा परवानगी काढून घेता येतो. कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘सीजीआय’ (म्हणजे कॉम्प्युटरवर बनवलेलं चित्र) येतं ना, ते त्यापायीच. ऐन रंगात आलेल्या सीनमध्ये ते खटकतं, यात वाद नाही.

हे सगळं ग्रुपवर टाकल्यावर काकूचा प्रश्न, मग कुत्रे तरी खरे घ्यायचे की नाही? घ्यायचे की! ‘अॅनाटॉमी ऑफ अ फॉल’ या फ्रेंच सिनेमातला बॉर्डर कोली जातीचा कुत्रा बघ, मेसी नाव त्याचं, बेशुद्ध पडल्याचा सीन त्याने असा केलाय की आपला श्वास अडकतो, आणि तो जीभ बाहेर टाकून निपचित पडायला शिकलाय ते सरावाने, मार खाऊन नाही. लिंक पाठवलीये. सबटायटल वाचायचा कंटाळा येतो म्हणाली, पण तो फॉरवर्ड तिने डिलीट केलाय, ‘सर्वांसाठी’.